बर्फाळ गावातलं घर: बेडरूमच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात परत येणारी ओल आणि बुरशी

तक्रार अशी. नोव्हेंबरच्या शेवटी खिडकीच्या काचेवर खालच्या कडेला पाणी साचू लागतं. डिसेंबरात बेडरूमचा उत्तरेकडचा कोपरा हाताला गार आणि चिकट लागतो. जानेवारीत कपाटामागे काळे ठिपके दिसतात, कपड्यांना कुबट वास येतो. पुसलं की दोन-तीन आठवडे बरे जातात आणि मग त्याच जागी पुन्हा ठिपके. आणि त्याच घरात खालच्या बैठकीच्या खोलीत हवा इतकी कोरडी की मुलीच्या नाकातून रक्त येतं. आमच्याकडे हे दोन हिवाळे चाललं, तिसऱ्या हिवाळ्यात थांबलं. कशाने थांबलं आणि कशाने नाही, ते सगळं इथे लिहिते आहे. आल्प्समध्ये नव्याने राहायला आलेल्या आपल्याकडच्या घरांत हीच तक्रार मी वारंवार ऐकते.

आम्ही स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या एका प्रांतात, खालच्या एंगादीन खोऱ्यात राहतो. गाव 1400 मीटरच्या वर आहे. घर जुनं, भाड्याचं, या खोऱ्यातल्या चालीचं: बाहेरून जाड दगडी भिंती, चुन्याच्या गिलाव्यावर कोरलेली नक्षी, खिडक्या लहान आणि खोल बसवलेल्या, उजेड आत यावा म्हणून भिंत खिडकीकडे तिरकी कापलेली. आत शिरताना सुलेर, म्हणजे मोठी, न तापवलेली ओसरी. तिला लागून स्ट्यूवा, लाकडाने मढवलेली बैठकीची खोली, तिच्यात शेगडी. शेगडीच्या वर छतात एक चौकोनी झडप, ती थेट वरच्या बेडरूममध्ये उघडते. पूर्वी रात्री झोपायला जाताना ऊब वर जावी म्हणून ती सोय केलेली. या झडपेकडे पुढे यायचंच आहे.

मी चिपळूणची. ओल म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक आहे असं मला वाटायचं. जुलैत चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी, डब्यातले पापड सादळलेले, भिंतींचे पोपडे निघालेले. त्यावर आमच्या घरी एकच उपाय: पाऊस लागला की खिडक्या लावून घ्या, ओल बाहेरून येते. इथे आले तेव्हा तीच सवय हातात होती. कोपऱ्यात ओल दिसली की मी खिडक्या आणखी घट्ट लावायचे. दोन वर्षं आमचं सगळं चुकलं ते इथून.

कारण इथे ओल बाहेरून येतच नाही. चिपळूणला पावसाळ्यात 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असते तेव्हा एक घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाण्याची वाफ असते. इथे जानेवारीत उणे 10 अंशाच्या हवेत, ती पूर्ण भरली तरी, सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच मावते. बाहेर धुकं असो, बर्फ पडत असो, ती हवा आत घेऊन 20 अंशाला तापवली की तिची आर्द्रता 15 टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे या घरातली सगळी ओल आपली असते: श्वासाची, आमटीची, आंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची. ती बाहेर काढायची तर खिडकी उघडावी लागते, तीही कडाक्याच्या थंडीत. हे पटायला मला वेळ लागला.

आधी खात्री करा की ही वाफेचीच ओल आहे

सगळी ओल एकाच जातीची नसते, आणि चुकीच्या जातीवर उपाय करण्यात हिवाळा निघून जातो. सर्वात सोपी चाचणी: स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा डागाजवळच्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. पाणी खोलीच्या बाजूने फॉइलवर जमलं तर ती घरातल्या हवेतली वाफ. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूने ओलं झालं तर पाणी भिंतीतून येतंय.

दुसरी खूण वेळेची. वाफेची ओल कडाक्याची थंडी पडली की वाढते. छपरातून येणारी ओल उलट, ऊन पडून बर्फ वितळायला लागला की दिसते. छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार होतो, वितळलेलं पाणी त्याच्यामागे अडतं आणि कौलांखालून आत शिरतं. त्याचा डाग बहुधा वरून खाली उतरतो आणि त्याला तपकिरी किनार असते. तसं दिसलं तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, घरमालकाला त्याच दिवशी कळवा.

आमच्याकडे फॉइलवर खोलीच्या बाजूनेच थेंब होते.

मोजल्याशिवाय काही करू नका

दोन हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारी साधनं, घ्या, एक बैठकीत, एक बेडरूममध्ये. स्वस्तातले चालतात, पण ते पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतात, म्हणून एकदा मिठाने तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 हवा. आमचा एक 71 दाखवत होता, तेव्हापासून त्यात चार मिळवून वाचतो.

तिसरं साधन म्हणजे भिंतीचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. एखाद्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणला तरी पुरे. आमच्या बेडरूममध्ये हवा 18 अंश, आर्द्रता 65 टक्के. या हवेतली वाफ 11 अंशाच्या थोडं वर पाणी होऊ लागते. उघडी भिंत 11 अंश. कपाटामागची 7. यात आणखी काय सांगायचं राहिलं? कपाटामागे रोज रात्री पाणी सुटत होतं.

आणि बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरतं. खोली 20 अंश आणि 50 टक्के असेल तर भिंत 12.6 अंशाच्या खाली गेली की ही वेळ येते. जर्मनीच्या बांधकाम मानकात म्हणूनच 12.6 हा आकडा धरलेला आहे. भिंतीला हात लावून ती कोरडी वाटली म्हणजे ठीक, असं समजू नका.

"पण भिंत तर एवढी जाड आहे," असं आई म्हणाली होती, आणि मलाही तेच वाटायचं. जाड म्हणजे उबदार नव्हे. 60 सेंटीमीटर दगडाची भिंत थंडी अडवण्याच्या बाबतीत जेमतेम एक-दोन सेंटीमीटर थर्माकोलइतकी असते. जाडीचा उपयोग इतकाच की ती सावकाश तापते आणि सावकाश निवते.

आमचं नेमकं काय चुकत होतं

बैठकीत शेगडी पेटली की खोली 24 अंशाला जायची आणि आर्द्रता 25 टक्क्यांवर यायची. मुलीचं नाक फुटायला लागलं म्हणून मी शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. मग आई डिसेंबरात आली. तिने पाहिलं की शेगडीभोवती कपडे छान वाळतात, तेव्हा दोरी बांधली. पावसाळ्यात घरात दोरी बांधण्याची आमची जुनीच पद्धत. एका वेळचे पाच किलो कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांच्यात दोन-अडीच लिटर पाणी असतं. ते सगळं स्ट्यूवाच्या हवेत.

बैठकीतला हायग्रोमीटर आता 50 टक्के दाखवू लागला आणि आम्हाला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पण वरच्या खोलीत ऊब जावी म्हणून छतातली झडप रात्रभर उघडी होती. खालची 22 अंशाची, 50 टक्क्यांची हवा वर 15 अंशाच्या खोलीत पोचली की तीच हवा 75 टक्क्यांच्या वर जाते. तिच्यात एक थेंबही वाढलेला नसतो, ती फक्त थंड झालेली असते. मग कपाटामागची 7 अंशाची भिंत तिची वाट पाहतच असते. खालच्या कोरडेपणावरचा आमचा उपाय वरच्या ओलीचं कारण होता. दोन्ही तक्रारी एकच आहेत हे आम्हाला दोन्ही खोल्यांत मापं ठेवली तेव्हा कळलं. त्याआधी आम्ही त्या वेगवेगळ्या समजत होतो.

त्यात भर रात्रीच्या श्वासाची. झोपलेला मोठा माणूस तासाला 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघांचे आठ तास म्हणजे पाऊण लिटरच्या घरात.

लाकडाचंही सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. थंडी वाढली तेव्हा आम्ही शेडमधलं लाकूड भरपूर आणून बैठकीत रचून ठेवलं होतं. एकूण वजनाच्या 30 टक्के पाणी असलेलं 100 किलो लाकूड खोलीत वाळून 20 टक्क्यांवर येईपर्यंत बारा लिटर पाणी हवेत सोडतं. बारा लिटर! घरात एक-दोन दिवसांचंच लाकूड ठेवा, बाकीचं बाहेर छपराखाली, वारा लागेल असं.

स्वयंपाकघरातल्या हुडकडेही एकदा नीट पाहा. आमचा हुड हवा ओढून कोळशाच्या फिल्टरमधून पुन्हा घरातच सोडणारा निघाला. फोडणीचा वास त्याने कमी होतो, वाफ एक थेंबही कमी होत नाही. तुमचा हुड हवा बाहेर फेकणारा असेल तर वेगळी काळजी घ्या, आणि ही जिवाची गोष्ट आहे. लाकडाची शेगडी पेटलेली असताना, खिडक्या बंद असताना तो हुड लावला तर घरात हवा कमी पडते आणि धुराड्यातून धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो, त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. त्या वायूला वास नसतो. शेगडी चालू असेल तर हुड लावण्याआधी खिडकी उघडा, आणि शेगडी असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिलं काम खिडक्यांचं. जर्मन बोलणारे याला श्टोसल्युफ्टन म्हणतात: समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण, सताड उघडायच्या, तीन ते पाच मिनिटं, आणि बंद. दिवसातून तीनदा: उठल्याबरोबर, दुपारी, झोपण्याआधी. शिवाय आंघोळ आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच. बाहेर जितकी थंडी तितका वेळ कमी. मार्चमध्ये दहा मिनिटं लागतात.

आई पहिल्या दिवशी म्हणाली, "अगं, एवढ्या कष्टाने तापवलेली ऊब अशी बाहेर सोडतेस?" तिचं म्हणणं रास्त होतं, म्हणून मी हिशोब केला. आमची बेडरूम 35 घनमीटर. एकदा सगळी हवा बदलली की पाव लिटरहून जास्त पाणी बाहेर जातं, आणि नवी हवा तापवायला विजेच्या भाषेत सुमारे एक तृतीयांश युनिट लागतं. ऊब हवेत फारशी नसतेच, ती भिंतीत, लाकडात, फर्निचरमध्ये असते, आणि पाच मिनिटांत ती जात नाही. खिडकी लावल्यावर दहा मिनिटांत खोली पूर्ववत होते. दोन दिवस हायग्रोमीटर समोर ठेवून आईने स्वतः पाहिलं, आणि मग सकाळचं काम तिनेच हातात घेतलं.

इथे एक सापळा आहे. इथल्या नव्या खिडक्या वरून तिरक्या उघडता येतात, आणि ती फट दिवसभर ठेवणं सोयीचं वाटतं. हिवाळ्यात तसं करू नका. हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीवरची आणि बाजूची भिंत दिवसभर गार पडते आणि मग बुरशी तिथे धरते. आमच्या स्नानगृहात खिडकीच्या वरच्या पट्टीवर ती अशीच आली होती.

दुसरं कपाट. बाहेरच्या भिंतीपासून ते दहा सेंटीमीटर पुढे ओढलं, आणि पुढे त्याला आतल्या भिंतीला हलवलं. पलंगाची उशाकडची बाजूही बाहेरच्या भिंतीपासून सोडवली. जमिनीपर्यंत लोळणारे जाड पडदे काढले. भिंतीला खोलीची ऊब पोचू द्यायची, एवढाच हेतू. कपाटाच्या एका हालचालीने त्या जागी भिंत 7 वरून साडेनऊ-दहा अंशांवर आली.

तिसरं कपडे. दोरी सोडली. बऱ्याच इमारतींत तळघरात कपडे वाळवायची खोली असते, तिचा वार ठरवून घ्या. आमच्याकडे ती नाही, म्हणून आम्ही शेजारच्या आजींकडे पाहून शिकलो: उन्हाच्या दिवशी उणे आठ अंशातही त्या चादरी बाहेर घालतात. कपडे आधी पापडासारखे कडक होतात, मग त्यातला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. दुपारी आत आणले की शेवटची थोडी ओल अर्ध्या तासात जाते. दुलया, उशा रोज सकाळी खिडकीत टाकणं हीसुद्धा त्यांचीच रीत, आणि तिच्यामागे हेच कारण आहे. बर्फाने भिजलेले बूट आणि जाकिटं सुलेरमध्येच राहतात, उबदार खोलीत येत नाहीत.

झडप मात्र आम्ही बुजवली नाही. खालची हवा कोरडी असेल तर ती झडप उपकारच करते, वरची भिंत तापवते. नियम असा ठरवला: खाली आर्द्रता 40 च्या आत असेल तर उघडी, स्वयंपाक चालू असताना बंद, रात्री बंद. आणि बेडरूम अगदी थंड पडू द्यायची नाही. 16-17 अंश ठेवतो. संध्याकाळी दार उघडून बैठकीतली गरम हवा आत घेणं सोडून दिलं, त्यापेक्षा तिथला रेडिएटर दिवसभर मंद चालू ठेवतो.

मग मुलीच्या नाकाचं काय? पातेलं काढलं आणि बैठक 24 ऐवजी 21 अंशांवर ठेवली. तीच हवा तीन अंश कमी तापली की 25 टक्क्यांची 30 होते, आणि चार माणसांच्या श्वासाने आणि स्वयंपाकाने ती 35 पर्यंत जाते. आईने रात्री नाकपुड्यांना आतून तुपाचं बोट लावायला सुरुवात केली. रक्त यायचं थांबलं. कडक थंडीत बैठकीत 35 ते 40, बेडरूममध्ये 50 च्या खाली, याहून जास्त आर्द्रतेचा हट्ट या घरात धरता येत नाही.

वाफ शोषणारं मशीन घ्यावं का, असं खूप जण विचारतात. माझं मत: शेवटी. नेहमीच्या कॉम्प्रेसरवाल्या मशीनचं काम थंड खोलीत मंदावतं, आणि नेमकी ओली खोलीच थंड असते. बाहेरची कोरडी हवा फुकट आहे.

जुन्या दुहेरी खिडक्या

हा भाग फक्त जुन्या घरांसाठी. आमच्या खिडक्यांना दोन तावदानं आहेत, आतलं आणि बाहेरचं, मध्ये हातभर जागा. पहिल्या हिवाळ्यात बाहेरच्या तावदानाच्या आतल्या बाजूला बर्फाची फुलं उमटायची. वारा अडवावा म्हणून मी बाहेरच्या तावदानाला फोमची पट्टी लावली. फुलांचं रूपांतर बर्फाच्या थरात झालं आणि ऊन पडलं की पाणी लाकडी चौकटीवर.

घराची वाफ आतल्या फटींतून मधल्या जागेत जाते. बाहेरचं तावदान घट्ट केलं तर तिला पुढे वाट राहत नाही. पट्टी आतल्या तावदानाला हवी, बाहेरचं किंचित सैल हवं. पट्टी काढून आत लावली आणि दुसऱ्याच आठवड्यात काच स्वच्छ झाली. (नव्या खिडकीत सीलबंद दोन काचांच्या मध्येच धुकं दिसत असेल तर ते सील गेलेलं आहे. ती काच बदलावी लागते, दुसरा उपाय नाही.)

आलेली बुरशी काढताना

तळहाताएवढा डाग स्वतः काढता येतो. अर्ध्या चौरस मीटरहून मोठा असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर जाणकाराला बोलवा. मास्क एफएफपी 2 (बारीक कण अडवणारा), हातमोजे, मुलं खोलीबाहेर. कोरड्या ब्रशने घासू नका, बीज सगळ्या घरात उडतं. 70-80 टक्के अल्कोहोलने ओलं करून पुसा, फडकं टाकून द्या. शेगडी पूर्ण विझलेली आणि खिडकी उघडी हवी. अल्कोहोलची वाफ पेट घेते. व्हिनेगर चुन्याच्या भिंतीला लावू नका. चुना अल्कधर्मी असतो म्हणून त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि व्हिनेगर त्याचा तोच गुण मारतं.

घरमालकाशी

डाग दिसला की लगेच लेखी कळवा, फोटोसह. इथल्या कायद्याने घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकाची जबाबदारी आहे, आणि दोष कळवणं भाडेकरूची. आम्हाला आधी उत्तर आलं की तुम्ही खिडक्या उघडत नाही. पहिली दोन वर्षं ते खरंच होतं. तिसऱ्या वर्षी मी तीन आठवड्यांची वही पाठवली: तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, दोन्ही खोल्यांची आर्द्रता, कोपऱ्याचं तापमान, खिडक्या उघडल्याच्या वेळा. आर्द्रता 48 टक्क्यांवर असूनही एका ठिकाणी, जमिनीलगत, भिंत 8 अंशांच्या वर जात नव्हती. तेव्हा माणूस येऊन पाहून गेला. त्या जागी जुना गिलावा पोकळ झाला आहे, तो काढून नवा चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी करायचं ठरलं आहे. थंडीत चुना नीट धरत नाही, म्हणून काम मे महिन्यात. तोवर त्या कोपऱ्यात काहीही ठेवत नाही आणि दर रविवारी तिथला आकडा वहीत लिहितो.